मिठाचं पांढरं

विलासदादाच्या खोलीत पांढरी भिंत नव्हती. जुन्या पनवेलात, भांड्यांच्या दुकानावरची ती खोली आम्ही दोघांनी मिळून एडिटिंगच्या कामासाठी भाड्याने घेतली तेव्हा घरमालकाने ती नुकतीच पांढरीशुभ्र रंगवून दिली होती. आठवड्याच्या आत विलासदादाने लुंगी खोचून, स्वतःच्या हाताने ती सगळी राखाडी करून टाकली. घरमालक धापा टाकत जिना चढून आला, चारी भिंतींकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, कोणी गेलं का? विलासदादाने त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास समजावलं. भिंत पांढरी असली की तिचा उजेड पडद्यावर पडतो, मग डोळा फसतो, आणि फसलेल्या डोळ्याने नवरीचा चेहरा पिवळा होतो. घरमालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यापासून भाडं पाचशेने वाढवलं.

मी खारघरची. जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी गेली, घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून व्हिडिओ एडिटिंगची फुटकळ कामं घ्यायला लागले. विलासदादा उरण रस्त्यावरच्या एका गावचा. बाप मिठागरात राबला, आजा मिठागरात राबला, आणि हा लग्नाची शूटिंगं जोडत जोडत एडिटर झाला. वयाने माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा आणि मी त्याला दादा. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्याने शिकवलेलं आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते वाचल्यावर कोणाला ते खरं वाटणार नाही.

चांगला मॉनिटर घ्यायचा असं त्याने ठरवलं तेव्हा तो त्यासाठी मुंबईच्या बाजारात सहा वेळा गेला. दोनदा मीही सोबत होते. दुकानदार आपल्याकडची दृश्यं लावायचे: रंगीत पोपट, फळांच्या फोडी, बर्फाचे डोंगर. विलासदादा दोन मिनिटं बघायचा आणि खिशातून पेनड्राइव्ह काढायचा. त्यात चाळीस सेकंदांचं एकच दृश्य होतं. भर दुपारची वेळ, शेजारच्या गावच्या मिठागरातली मिठाची रास, आणि राशीला टेकून उभी असलेली पांढऱ्या लुगड्यातली त्याची आई. मीठ पांढरं आणि लुगडंही पांढरं, पण दोन्ही वेगळी दिसली पाहिजेत, आणि मिठातले करडे खडे एकेक करून दिसले पाहिजेत, ही त्याची परीक्षा. बहुतेक पडद्यांवर आई राशीत विरघळून जायची.

"पोपट सगलेच दाखवतात," तो दुकानदाराला म्हणायचा. "आमाला मीठ दाखवा."

सहाव्या खेपेला एका मॉनिटरवर मीठ दिसलं. त्याच्या मोटरसायकलपेक्षा महाग होता. तीन वर्षांचे हप्ते बांधून त्याने तो घेतला, आणि टेम्पोत मागे, मॉनिटरच्या खोक्याला कवेत धरून पनवेलपर्यंत आला. त्याची बायको संगीतावहिनी म्हणाली की मला बाळंतपणानंतर आणलं तेव्हा हा माणूस पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता.

गंमत अशी की त्या महागड्या मॉनिटरच्या शेजारी त्याने घरचा जुना टीव्ही आणून ठेवला. रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. फिल्म मॉनिटरवर पुरी झाली की या टीव्हीवर एकदा लावायची, असा त्याचा नियम. मॉनिटर आपल्या समाधानासाठी, पण लोक बघणार टीव्हीवर, असं त्याचं म्हणणं. त्या टीव्हीला एक खोड होती. तो चित्राच्या चारी कडा कापायचा. नवीन असताना मी लोकांची नावं हौसेने अगदी खाली टाकायची, आणि टीव्हीवर अर्धं नाव गायब व्हायचं. "नाव वर घ्या, ताई. खालचं नाव टीव्ही खातो," हे त्याने मला किमान शंभरदा ऐकवलं असेल. मी वैतागायची. आता असे टीव्ही कोणाकडे असतात, असं विचारायची. तो म्हणायचा, आमच्या गावात या.

पैशाच्या बाबतीत तो बाहेरच्यांशी अगदी कडक होता. खारघरच्या एका क्लासवाल्यांची जाहिरात त्याच्याकडे होती. सतरा वेळा बदल सांगून झाल्यावर ते म्हणाले की सरांचं टक्कल जरा कमी चमकलं तर बरं होईल. विलासदादाने मान डोलावली, टक्कल नीट झाकोळून दिलं आणि बिलात वेगळी ओळ लिहिली: चकाकी कमी करणे. अर्धे पैसे आधी. काम दाखवायचं ते सगळ्या चित्रावर आडवं 'नमुना' लिहून आणि त्याखाली स्वतःचा फोन नंबर टाकून. उरलेले पैसे खात्यात पडल्याचा मेसेज वाजला की मगच स्वच्छ फाइल. त्याचं एक वाक्य मी खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं: काम आवडलं म्हणणारा आणि पैसे देणारा एकच असेल असं धरू नका.

हे सगळं बाहेरच्यांसाठी. गावचा माणूस आला की नियम दाराबाहेर चपलांशेजारी. गावातल्यांकडून त्याने कधी आगाऊ पैसे घेतले नाहीत, नमुना म्हणून शिक्का मारला नाही, बिल लिहिलं नाही. लग्नाची फिल्म तयार झाली की तो ती घेऊन त्या घरी जायचा आणि घरच्या टीव्हीवर सगळ्यांसोबत बघायचा. म्हणजे बाकीचे फिल्म बघायचे आणि हा बाकीच्यांना बघायचा. आजी कुठे रडली, पोरं कुठे उठून बाहेर पळाली, हे मनात टिपून घ्यायचा आणि परत येऊन पोरं पळाली तो तुकडा कापायचा. ही रीत मी अजून वापरते. मग ते लोक त्याला जेवायला बसवायचे. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि निघताना, 'देऊ रे इलास, तुझं काय ते देऊ.' ते दिवाळीला मिळायचं, अर्धं मिळायचं, कधी तांदळाच्या गोणीच्या रूपात मिळायचं. तो ढेकर देत खोलीवर आला की मी विचारायची, आज किती जेवलात? त्याला टोमणा कळायचा.

"आपल्या मानसाच्या घरी हलदीला आपन नाचलेलो असतो," तो एकदा म्हणाला. "त्याच्याकडं आधी पैसे ठेव कसं बोलायचं? तोंड असतं का?"

मला तेव्हा हे वेडेपण वाटायचं. अजूनही वाटतं. पण हसू येत नाही.

त्याच्याच गावचा एक शेठ होता. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या भूखंडांवर इमारती बांधून मोठा झालेला. त्याला आपल्या बापावर फिल्म करायची होती. बाप, म्हणजे आबा, ऐंशीच्या पुढचे, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. पंच्याहत्तर हजारांवर बोलणी झाली. शेठ म्हणाला, पैशाची काळजी करायची नाही, तू आपला हायेस. विलासदादाने दुसरी कामं मागे सारली आणि चार महिने आबांच्या मागे लागला. आबा आणि त्याचा बाप एकाच मिठागरात होते, हे त्यामागचं कारण. बापाचा एक फोटोसुद्धा त्याच्याकडे नव्हता. तो बोलून दाखवायचा नाही, पण मला दिसत होतं की तो शेठच्या बापावर फिल्म करत नाहीये.

त्यातलं एक दृश्य मी विसरणार नाही. आबा राशीजवळ उकिडवे बसलेत. मुठीत मीठ घेतात, चिमूट जिभेवर ठेवतात, आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतात, "आवंदाचं बरं हाय." त्या मिठागरात तीस वर्षांत कोणी मीठ पिकवलं नव्हतं. ते मीठ विलासदादाने दुसऱ्या गावाहून दोन टेम्पो भरून आणलं होतं, स्वतःच्या पैशाने. आबांना आता ते कळत नव्हतं. ते आपल्या हंगामात होते. हे एवढंसं दृश्य नीट व्हावं म्हणून विलासदादा आठ दिवस त्यातल्या पांढऱ्या रंगावर बसला होता. मिठाचे खडे दिसायला हवेत आणि आबांचा काळा चेहराही दिसायला हवा. एक सांभाळलं की दुसरं जायचं.

फिल्म होत आली आणि आबा गेले.

अकराव्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. परवा कार्य आहे, मंडपात मोठा पडदा लावतोय, फिल्म दे. तोवर एक रुपया आला नव्हता. मी फोनवरचं बोलणं ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी विलासदादाला म्हटलं की फिल्म द्या, पण शिक्का मारून द्या. निदान कोपऱ्यात, निदान बारीक. तो मॉनिटरसमोर बसला. त्याने 'नमुना' आबांच्या चेहऱ्यावर ठेवून बघितला, मग कोपऱ्यात ठेवून बघितला, मग काढून टाकला.

"मेलेल्या मानसाच्या तोंडावर माझा फोन नंबर कसा लिहू, ताई?" तो म्हणाला.

स्वच्छ फाइल गेली. कार्याच्या दिवशी सगळं गाव रडलं. शेठने विलासदादाला मिठी मारली आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. आणि त्यानंतर काही नाही.

मी सांगते काही नाही म्हणजे काय. दुखवट्याच्या घरी पैशाचं बोलायचं नाही, म्हणून महिना गेला. मग दिवाळी आली. वर्षाच्या आतली दिवाळी, त्या घरी दिवे नाहीत, तिथे हा काय मागणार. मग गावातल्या एका म्हाताऱ्याने परस्पर सांगितलं की वर्ष सरू दे, वर्षाच्या आत त्या घराला तगादा लावलास तर बरं दिसणार नाही. विलासदादाला ते पटलं. त्याला ते खरोखर पटलं, हा खरा संताप आहे. त्याच वर्षात शेठने दोन इमारतींचे पाये खणले आणि नवी गाडी घेतली. तिथे दुखवटा कुठे आडवा आला नाही. आबांच्या फिल्मचे तुकडे करून शेठच्या माणसांनी ते इमारतीच्या जाहिरातीत लावले. 'आवंदाचं बरं हाय' आणि खाली दोन बेडरूमच्या घराची किंमत. विलासदादाने ते फोनवर बघितलं, आणि एवढंच म्हणाला की पांढरं जळलंय, मिठातले खडे गेले.

हप्ते थकले. बँकेचे फोन खोलीतल्या लँडलाइनवर यायला लागले, कारण मोबाइल तो उचलत नव्हता. एका दुपारी संगीतावहिनी आली. ती खोलीवर कधी यायची नाही. विलासदादा बाहेर गेला होता, हे बघूनच आली असावी. ती उभ्यानेच म्हणाली की बिल तयार करून द्या, यांनी अजून लिहिलेलंसुद्धा नाही. मी बिल तयार केलं, छापलं, तिच्या हातात दिलं. तिने ते परत माझ्याकडे धरलं.

"तुमी बाहेरच्या हाव," ती म्हणाली. "तुमी शेठला फोन करा. आमचं तोंड बांधलेलं हाय, तुमचं नाय."

मी करते म्हटलं. केला नाही. दोनदा नंबर काढला, आणि माझा काय संबंध, असं स्वतःला सांगून फोन बाजूला ठेवला. शेठ मोठा माणूस, उद्या आपल्यालाही काम देईल, हाही विचार मनात होता. तो नव्हता असं मी आता म्हणणार नाही. ते बिल मी विलासदादाच्या खणात ठेवून दिलं. त्याने ते पाहिलं असणार. त्याच्यावर त्याने कधीतरी चहाचा कप ठेवला, एवढं मला दिसलं.

दोन महिन्यांनी त्याने मॉनिटर विकायला काढला. आधी मला विचारलं. बाजारात दुसऱ्याला दिला तर कोण कसा वापरेल, असं म्हणाला. मी किंमत ऐकली आणि पाच हजार कमी करायला सांगितले. सवयीने. त्याने लगेच कमी केले. मग त्यानेच तो माझ्या टेबलावर लावला, जुनं दृश्य टाकून रंग जुळवून दिले, आईचं लुगडं आणि मीठ वेगळं दिसतंय ना ते मला दोनदा विचारलं, आणि पेनड्राइव्ह तिथेच ठेवला. टीव्ही मात्र घरी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यापासून तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका वजनकाट्यावर कामाला लागला. ट्रक काट्यावर चढला की आकडा लिहायचा, उतरला की आकडा लिहायचा. पगार एक तारखेला हातात, असं संगीतावहिनीने मला फोनवर सांगितलं, आणि त्यात मला ऐकवण्यासारखं जे होतं ते तिने सांगायचं टाळलं.

आबांच्या वर्षश्राद्धाच्या पंधरा दिवस आधी शेठच्या ऑफिसातून मला फोन आला. आबांची फिल्म लांब आहे, तीन मिनिटांची करून द्या, मंडपात दाखवायची आहे. विलासदादाला विचारलं नाही का, असं मी विचारलं. तिकडचा माणूस म्हणाला, तो आता हे करत नाही ना. मी तीस हजार सांगितले. सगळे आधी, असंही सांगितलं. विलासदादाने शिकवलेल्याच आवाजात. संध्याकाळच्या आत पैसे खात्यात आले. मेसेज वाजला तेव्हा मी त्याच मॉनिटरसमोर बसले होते.

म्हणजे शेठ पैसे देत होता. मागणाऱ्याला देत होता. आणि त्या फोनवर मी विलासदादाच्या पंच्याहत्तर हजारांचं नावही काढलं नाही.

काम झाल्यावर मी कळंबोलीला गेले. पाकिटात पंधरा हजार घातले होते. विलासदादा काट्याच्या केबिनमध्ये होता, खिडकीवर लोखंडाची लाल धूळ. त्याने पाकीट बघितलं, हातात घेतलं नाही. हे तुमचं आहे, तुम्ही केलेलं काम आहे, असं तो म्हणाला. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं. मग एक ट्रक आला, त्याने आकडा लिहिला. मी निघाले तेव्हा त्याने विचारलं, मिठाचं पांढरं किती ठेवलंय? मी सांगितलं, जितकं तुम्ही ठेवलं होतं तितकंच. त्याने मान हलवली.

वर्षश्राद्धाला मला आमंत्रण होतं. मॅडम म्हणून शेठने पुढच्या पंगतीत बसवलं. भर दुपारची वेळ, मंडपाच्या एका बाजूला मोठा एलईडी पडदा, समोर केळीच्या पानांच्या रांगा. वाढायला गावातलीच माणसं होती, ही तिथली रीत. त्यांच्यात विलासदादा होता. पांढरा शर्ट, कमरेला पंचा, हातात वरणाची बादली.

फिल्म सुरू झाली. पडदा भडक लावलेला होता. मिठाची रास आली ती नुसती पांढरी झळाळी होती. तिच्यापुढे आबा म्हणजे एक काळा ठिपका. लोक भात कालवत वर बघत होते, कोणाला काही खटकत नव्हतं. मला खटकलं आणि मी बसून राहिले. विलासदादाने बादली खाली ठेवली, पंच्याला हात पुसले, आणि पानांच्या रांगेमधून वाट काढत पडदा चालवणाऱ्या माणसाजवळ गेला. काहीतरी सांगितलं. त्या माणसाने उजेड कमी केला, विलासदादाने हाताने अजून कमी अशी खूण केली, मग थांबवलं. मिठात खडे दिसायला लागले. आबांच्या चेहऱ्यावर डोळे आले. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि यंदाचं बरं असल्याचं सगळ्या मंडपाला सांगितलं. शेठ डोळ्यांना रुमाल लावून लांबूनच मोठ्याने म्हणाला, "बघा, आपला इलास कसा हाय. न सांगता करतो."

लोकांनी माना डोलावल्या. विलासदादाने बादली उचलली आणि पंगतीत परत वाढायला लागला.

शेवटी काळ्या पडद्यावर संकलन म्हणून माझं नाव आलं. ते मी मुद्दाम टाकलं नव्हतं. प्रत्येक कामाच्या शेवटी ते आपोआप येतं, तसं आलं होतं. काढायचं सुचलं नाही. विलासदादा तेव्हा माझ्या पानापर्यंत पोचला होता. त्याने वर बघितलं आणि नाव पूर्ण वाचलं. मी पानाकडे बघत राहिले. त्याने भातावर वरण वाढलं, पुरे म्हणायला मी हात पुढे केला तरी अजून थोडं वाढलं.

"नाव खाली गेलंय, ताई," तो म्हणाला. "घरच्या टीव्हीवर कापलं जाईल."

आणि पुढच्या पानाकडे गेला.